चिखलातले बावीस हिवाळे

४ नोव्हेंबर

चिमणे,

सोबत या हिवाळ्याच्या पक्षीमोजणीचा पहिला तक्ता आणि बारा फोटो. प्रत्येक फोटोच्या मागे पक्ष्याचं नाव, तारीख आणि भरतीची वेळ लिहिली आहे, तुमच्या कार्यालयाच्या नव्या नियमात म्हटलंय तशी. एकवीस हिवाळे माझ्या शब्दावर भागलं, बाविसाव्याला पुरावा लागायला लागला. हातच्या काकणाला आरसा मागणारी माणसं तुम्ही. पण नियमाच्या कागदावर खाली माझ्या भाचीची सही आहे म्हटल्यावर काय बोलणार? दुसऱ्या कुणाची असती तर चार ओळी चांगल्या सुनावल्या असत्या.

पक्षी वेळेवर आले. पंपघरापासून मोडक्या धक्क्यापर्यंत ओहोटीला चिखल उघडा पडला की टिलवे आधी उतरतात, मग चिखल्या, आणि सगळ्यात शेवटी कोरल, उशिरा येऊन पुढच्या खुर्चीत बसणाऱ्या पाहुण्यांसारखे. नवा कॅमेरा झकास आहे. फोकस तो स्वतःच करतो, माणसाने फक्त त्याचं तोंड पक्ष्याकडे करायचं. चौतीस वर्षं मी दवाखान्यात एक्स-रे काढले, 'श्वास रोखा, हलू नका' म्हणत. आता हलणाऱ्यांचे फोटो काढतो, आणि श्वास मलाच रोखावा लागतो.

आणखी एक गंमत. गेल्या हिवाळ्यापासून तुझी मामी माझ्याबरोबर यायला लागली आहे. वीस वर्षं मला 'चिखलातला म्हसोबा' म्हणणारी बाई आता स्टूल घेऊन शेजारी बसते. मी तिला मोजायला शिकवतोय. हुशार आहे, पण तोंडावर सांगू नये.

तुमचं ते पुस्तक कधी निघणार? बावीस हिवाळ्यांचे आकडे छापलेले बघायचे आहेत. ताईला सांग, बी.पी.च्या गोळ्या घे आणि माझी काळजी करू नकोस.

तुझा मामा


१२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तक्ता मिळाला, फोटोही मिळाले. चिखलातल्या म्हसोबाला आणि म्हसोबाच्या शिष्येला नमस्कार.

पुस्तकाचं सांगते. किनाऱ्यावरच्या एकूण एकतीस जागांचे हिवाळी आकडे त्यात येणार आहेत, आणि त्यांत सलग बावीस वर्षं एकाच माणसाने मोजलेली जागा एकच आहे. तुझी. फेब्रुवारीच्या शेवटी सगळं छपाईला द्यायचंय. त्याआधी समिती प्रत्येक जागेचे तक्ते आणि फोटो ताडून बघणार. समितीच्या बाई कडक आहेत. शितावरून भाताची परीक्षा करतात आणि शीत कच्चं निघालं तर अख्खं पातेलं परत पाठवतात. म्हणून मी आधी स्वतः बघतेय.

दोन शंका आहेत. सातव्या फोटोच्या मागे तू 'बाकदार चोचीचा तुतवार' असं लिहिलंयस. फोटोतल्या पक्ष्याची चोच खाली नाही, वर वळलेली आहे, पाय पिवळे आहेत. हा तर टेरेक तुतवार. तूच मला शिकवलेला, मी आठवीत असताना. आणि अकराव्यावर 'मोठा चिखल्या' म्हटलंय, पण चोच बघता तो छोटाच वाटतो. फोटो उलटसुलट झाले का?

आणि अक्षर केवढं मोठं काढतोस रे? एका पानावर नऊ ओळी. पोस्टाचं वजन वाढवतोयस की मी म्हातारी झाले असं सुचवतोयस?

तुझी चिमणी


१९ नोव्हेंबर

चिमणे,

शाबास. परीक्षेत पास झालीस. म्हणजे मुद्दाम चुका केल्या नव्हत्या, पण केल्या असत्या तर पास झाली असतीस. तुझ्या मामीने टेबल पुसताना फोटोंचा गठ्ठा खाली पाडला आणि परत लावून ठेवला. तिला काय, पाय दोन आणि चोच एक असली की सगळे सारखेच. जाड पेन दुकानात एकावर एक मिळालं म्हणून अक्षर मोठं. झालं समाधान?

तुम्ही फोटोवाले लोक चोचीची लांबी पट्टीने मोजता, ते ठीक आहे. पण पक्षी ओळखायचा असेल तर त्याला चालताना बघावं. छोटा चिखल्या दोन पावलं पळतो, थांबतो, टिपतो. मोठा लांबवर पळतो आणि थांबला की थांबलाच, काही विसरल्यासारखा. टेरेक मान खाली घालून पिसाटासारखा धावतो, मध्येच वळतो, कुणालाच धडकत नाही. टिलव्याचं डोकं वर येतच नाही. इतक्या वर्षांनी मला चोच दिसायची गरज उरलेली नाही. एक्स-रेच्या खोलीत शिरणारा माणूस चालत आला की मला आधीच कळायचं हाड कुठलं गेलंय, तसंच हे.

नवे नऊ फोटो आणि नोव्हेंबरचा दुसरा तक्ता पाठवतोय. या वेळी नावं स्वतः टाकली आहेत आणि गठ्ठ्याला रबर लावलंय.

तुझा मामा


६ डिसेंबर

प्रिय मामा,

हे पत्र मला कार्यालयाच्या कागदावर लिहावं लागतंय, त्याची एक प्रत इथल्या फाइलला लागणार आहे. म्हणून भाषा जरा वेगळी वाटेल, राग मानू नये.

आपण पाठवलेल्या नऊ फोटोंपैकी पाचांवरची नावं चुकीची आहेत. फोटो क्रमांक चारच्या मागे आपण 'टिलवा, विश्रांती घेताना' असं लिहिलं आहे. त्या फोटोत पक्षी नाही. ते चिखलाचं ढेकूळ आहे. या वेळी पाकीट समितीच्या बाईंच्या हाती आधी पडलं. त्यांनी मागचे बारा फोटोही मागवून घेतले आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. तक्त्यात टेरेक तुतवार चौदा लिहिले आहेत आणि एकवीसपैकी एकाही फोटोवर आपण टेरेक हे नाव लिहिलेलं नाही, जरी तीन फोटोंत तो स्पष्ट दिसतो. जो माणूस टेरेक फोटोत ओळखत नाही त्याने चिखलात चौदा कसे मोजले, असा त्यांचा प्रश्न आहे.

मला विचारायला सांगितलं आहे ते विचारते. यंदाचे आणि गेल्या हिवाळ्याचे आकडे आपण जागेवर मोजले आहेत, की जुन्या तक्त्यांवरून उतरवले आहेत? दोन हिवाळ्यांवर संशय राहिला तर समिती ती जागाच पुस्तकातून वगळेल, बावीसच्या बावीस वर्षं. कृपया १५ जानेवारीपूर्वी कळवावं.

आपली,
नोंदणी साहाय्यक

मामा, ही खालची ओळ प्रतीवर नाही. ढेकळाचा फोटो बघून मी आधी हसले. मग हसू येईना. काय झालंय ते मला सांग.


११ डिसेंबर

बाई,

आपण मला अहो-जाहो केलंत तेव्हाच काय ते कळलं.

जुन्या तक्त्यांवरून उतरवायला मी परीक्षेला बसलेला पोरगा नाही. आपल्या बाईंना सांगावं की ज्या वर्षी त्यांना टिलवा कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, त्या वर्षीसुद्धा मी गुडघाभर चिखलात उभा होतो. जागा वगळायची तर खुशाल वगळा. पक्षी पुस्तक वाचून येत नाहीत.

यापुढे तक्ते येणार नाहीत. फोटोही नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला.

आपला,
निरीक्षक


२० डिसेंबर

चिमणे, बाळ,

मी मामी लिहितेय. ह्यांना न सांगता. हे दुपारचे झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात दार लोटून बसलेय.

तुझं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. हो, मीच वाचते. सहा महिने झाले. 'चष्मा सापडत नाही, जरा वाच गं,' असं म्हणतात. चष्मा त्यांच्या नाकावरच असतो. मी वाचते. ते म्हणतात चष्मा नाही, मी म्हणते शोधते. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं नाटक जमायलाच हवं.

त्यांचे डोळे गेलेत, बाळ. पूर्ण नाही. पडद्याचा मधला भाग झिजलाय. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं, कडेचं मात्र दिसतं. चहा कपाच्या शेजारी ओततात, पण मांजर दारातून गेलं तर त्यांना माझ्याआधी कळतं. डॉक्टरांची चिठ्ठी मला त्यांच्या कोटाच्या खिशात सापडली, कोट धुवायला काढला तेव्हा. मी ती वाचली आणि वाळल्या कोटात परत ठेवली. माणूस एवढं जपून लपवतोय तर आपण कशाला उघडं पाडायचं?

आता आकड्यांचं सांगते, कारण त्या आकड्यांवर तुझ्या बाईंनी बोट ठेवलंय आणि ते मला सहन होत नाही. ते आकडे खरे आहेत. ते मी मोजलेत. गेल्या हिवाळ्यात हे मला म्हणाले, चल, तुला शिकवतो. मला वाटलं म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. तिकडे गेल्यावर हे सांगायचे, 'त्या तिकडे डावीकडे पिसाटासारखे पळतायत ना, ते किती सांग बघू?' मी मोजायची, चौदा. 'बरोबर,' म्हणायचे आणि लिहायला लावायचे. एकदाही चूक म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या मास्तरला उत्तर माहीतच नाही.

पक्षी ते ओळखतात, चालीवरून, आणि त्यात त्यांची चूक होत नाही. मोजते मी. मला त्यांची नावं अजून येत नाहीत. तो टेरेक म्हणजे माझा 'बस चुकलेला', टिलवे म्हणजे 'शिवणयंत्र', कोरल म्हणजे 'मोठे सर्जन'. पण आकड्यात मला धरून दाखव. तीस वर्षं दवाखान्याच्या चादरी मोजल्यात मी, दहा-दहाच्या घड्या. डोळ्यांनी दहाची एक घडी घालायची आणि ती थव्यावर अंथरत जायचं. फरक एवढाच की चादरी उडून जात नाहीत.

फोटोतला पक्षी चालत नाही, म्हणून त्यांना ओळखता येत नाही. टेबलाशी बसून तास तास बघत राहायचे आणि मग अंदाजाने लिहायचे. मला विचारलं असतं तर ढेकूळ आहे एवढं मी नक्की सांगितलं असतं.

अकरा तारखेपासून हे चिखलाकाठच्या बांधावर गेलेले नाहीत. ओहोटीची वेळ झाली की खिडकीपाशी जाऊन उभे राहतात. मला त्यांचं पुस्तक नको, तक्ता नको, पण त्यांना खोटं म्हटलेलं मला चालणार नाही. काय करायचं ते तू बघ.

तुझी मामी


२ जानेवारी

प्रिय मामा,

मी चुकले. विचारायचं होतं तुझ्या तब्येतीचं आणि विचारलं तक्त्यांचं. तुला तोंडावर माफी मागायला १७ तारखेला येतेय, दोन दिवसांची रजा घेतली आहे. १८ला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पूर्ण ओहोटी आहे. तू, मी आणि मामी, तिघांनी बांधावर जायचं. तू नाही म्हणालास तर मी एकटी जाईन, त्या चिखलात रुतेन आणि मग आईला उत्तर तू द्यायचंस.

बाईंकडून मी महिनाअखेरपर्यंत मुदत घेतली आहे. मामीचं पत्र मला आलं होतं, हे लपवत नाही. घरात लपवालपवी करायला तुम्ही दोघं पुरेसे आहात.

चिमणी


९ फेब्रुवारी

प्रिय मामा, प्रिय मामी,

बातमी चांगली आहे म्हणून आधी बातमी. तुमची जागा पुस्तकात राहिली. बावीसच्या बावीस हिवाळे.

आता सविस्तर. त्या सकाळी मी पंपघरापाशी दुर्बीण लावून बसले आणि तुम्ही दोघं धक्क्याजवळ, एकमेकांना ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर. दोन वेगळे तक्ते, मोजून झाल्यावर दोन्ही पाकिटांत बंद. ती पाकिटं मी इथे बाईंच्या समोरच फोडली, तुमच्या स्वयंपाकघरात उघडून बघायचा मोह झाला तरी. माझे टिलवे सहाशे चाळीस, तुमचे सहाशे दहा. मोठे चिखल्या माझे तेवीस, तुमचे बावीस. छोटे एकशे ऐंशी, तुमचे एकशे नव्वद. टेरेक चौदा आणि चौदा. बाई म्हणाल्या, पट्टीचे दोन निरीक्षकसुद्धा यापेक्षा जास्त भांडतात.

मामा, मी दुर्बिणीतून पक्षी बघत होते तशी मधून मधून तुलाही बघत होते. तू पक्ष्याकडे बघतच नव्हतास. त्याच्या शेजारच्या रिकाम्या चिखलाकडे बघत होतास, मान थोडी वळवून, आणि बोटाने मामीला बरोबर थवा दाखवत होतास. मला रडू आलं. दुर्बीण डोळ्याला होती म्हणून कुणाला दिसलं नाही.

परत आल्यावर टेबलाशी तू जे म्हणालास ते मी जसंच्या तसं निवेदनात घातलं. 'डोळे गेल्या हिवाळ्यात गेले. त्याआधीचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.' त्यावर समितीने ठरवलं की पहिले वीस हिवाळे तुझ्या एकट्याच्या नावावर, आणि शेवटचे दोन तुम्हा दोघांच्या. मामी, निरीक्षक म्हणून तुझंही नाव छापून येणार आहे. 'शिवणयंत्र' हे नाव मात्र बाईंनी मान्य केलं नाही.

आणि मामा, बाईंना सगळ्यात काय आवडलं सांगू? तुझा विसावा हिवाळा. त्या वर्षी एकतीसपैकी तीस जागांवर टिलवे जवळजवळ निम्म्यावर आले होते. फक्त तुझ्या चिखलावर ते जेवढ्यास तेवढे होते. त्यावर त्या वेगळा परिच्छेद लिहितायत, की या चिखलात असं काय आहे याचा अभ्यास व्हायला हवा. २६ला छपाईला जाईल. बघ, ज्या जागेला आम्ही वगळायला निघालो होतो तीच पुस्तकाचं मोठं पान झाली.

तुमची चिमणी


१५ फेब्रुवारी

चिमणे,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. तुझ्या मामीला वाचायला सांगितलेलं नाही. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे.

विसावा हिवाळा काढून टाक.

डोळे गेल्या हिवाळ्यात गेले नाहीत. त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले. टेबलाशी मी तुला खोटं सांगितलं, तुझ्या तोंडावर, तू माझी माफी मागून पुरता दिवसही झाला नव्हता तेव्हा.

त्या हिवाळ्यात मी एकटाच जायचो. सहा वेळा गेलो. स्टूल टाकून बसलो. जिकडे बघावं तिकडे मधोमध बोट ठेवल्यासारखं पुसलेलं. कडेने बघायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं, ते पुढच्या वर्षी जमलं. समोर सगळा चिखल हलत होता आणि मला एकही पक्षी धरता येत नव्हता. भरती चढेपर्यंत बसायचो आणि घरी यायचो. मामी विचारायची, आज किती? मी म्हणायचो, पुष्कळ.

मार्चमध्ये तक्ता पाठवायची वेळ आली. मी एकोणिसाव्या हिवाळ्याचा तक्ता काढला, खिडकीत भिंग घेऊन बसलो आणि आकडे उतरवले. कुठे पाच वाढवले, कुठे आठ कमी केले, खरे वाटावेत म्हणून. टिलवे जेवढ्यास तेवढे दिसतात ते म्हणूनच. ते टिलवे आदल्या वर्षीचे आहेत. तुझ्या बाई ज्या चिखलाचा अभ्यास करायला निघाल्या आहेत तो चिखल नाही, माझी लबाडी आहे.

आता तुला कळलं असेल की तुझ्या त्या डिसेंबरच्या पत्राने मी एवढा का भडकलो. तू विचारलंस, उतरवलेत का? वर्ष चुकलं होतं तुझं, एवढंच. चोराच्या मनात चांदणं.

मी का केलं ते सांगतो. मला वाटलं एक वर्ष रिकामं गेलं तर लोक विचारतील, का? आणि मग मला तिकडे कुणी जाऊ देणार नाही. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची मोडलेली हाडं काळ्यावर पांढरी दाखवली. कधी एकाही प्लेटवर खोटी रेघ येऊ दिली नाही. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा हे.

तुझं पत्र आलं नसतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. तुझ्या मामीने ते वाचून दाखवलं तेव्हा ती त्या परिच्छेदापाशी थांबली आणि म्हणाली, 'बघा, तुमचा चिखल वेगळा आहे म्हणतात.' तिला किती आनंद झाला होता. चार दिवस मी जेवलो, बोललो, पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. उद्या कुणीतरी शहाणा माणूस लांबून येईल, माझ्या चिखलात उभा राहून टिलवे का कमी झाले नाहीत हे शोधेल, आणि ते कमी झालेच होते.

जागा वगळायची असेल तर वगळू दे. शेवटचे दोन हिवाळे तरी तुझ्या मामीचे खरे आहेत, ते वाचवता आले तर वाचव. तिने ते तुझ्या बाईंच्या तोंडावर सिद्ध केलेत. माझ्यापायी ते जायला नकोत.

मामीला मी आज रात्रीचं जेवण झालं की सांगणार आहे. हे पत्र त्याआधी पोस्टात टाकतोय, नाहीतर कच खाईन.

मामा


२१ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मला १८ला मिळालं. दोन दिवस ते माझ्या टेबलाच्या खणात होतं. खरं सांगते, कारण तूही सांगितलंस. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला चाळीस वेळा म्हणाले. ते पत्र कुणी पाहिलं नव्हतं. परिच्छेद टाइप होऊन तयार होता. तुझ्या नावाचं पान माझ्यासमोर होतं आणि ते मोडायला माझा हात धजेना. लहानपणी एक्स-रेची जुनी प्लेट खिडकीला लावून तू मला बघायला शिकवायचास, की आपल्याला काय दिसावंसं वाटतं ते नाही, जे आहे ते बघ. मला तुझा त्या दोन दिवसांत रागही आला. सांगायचंच होतं तर जानेवारीत सांगायचंस, नाहीतर कधीच नाही.

काल सकाळी पत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, 'बावीस वर्षांत किती जणांनी असं केलं असेल आणि कळवलं नसेल.' शिक्षा म्हणून म्हणाल्या की कौतुकाने, ते मला कळलं नाही. समिती परवा बसणार आहे. निम्मे लोक म्हणतील एक वर्ष खोटं तर सगळीच संशयास्पद. मी माझं म्हणणं मांडेन, पण तुझी भाची म्हणून माझ्या शब्दाची किंमत कमी आहे हे धरून चाल.

मामी काय म्हणाली?

चिमणी


१४ ऑगस्ट

चिमणे, बाळ,

मामी लिहितेय, ह्यांना सांगून. पुस्तक काल आलं. तू फोनवर निकाल सांगितला होतास, पण छापलेलं हातात येईपर्यंत ह्यांचा विश्वास नव्हता आणि माझाही.

फेब्रुवारीत तू विचारलं होतंस मी काय म्हणाले, त्याचं उत्तर राहूनच गेलं. मी तीन दिवस बोलले नाही. आकडे खोटे लिहिले म्हणून नाही. तो सबंध हिवाळा ते एकटे तिकडे काही न दिसता बसून होते आणि मी घरी बसून त्यांना म्हसोबा म्हणत होते, याचा मला राग आला होता. त्यांचा की माझा, ते मला आता सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी ओहोटी साडेआठची होती. मी दोघांचे बूट दारात काढून ठेवले आणि ते मुकाट्याने पाय घालून निघाले.

काल संध्याकाळी ते म्हणाले, आपलं पान वाच. मी पहिल्या हिवाळ्यापासून वाचायला लागले. वर्ष, टिलवे, चिखल्या, टेरेक, कोरल. ते डोळे मिटून ऐकत होते. काही काही वर्षांना मध्येच सांगायचे, त्या वर्षी धक्का मोडला, त्या वर्षी चिमणी पहिल्यांदा आली होती. एकोणिसावा झाला आणि पुढची ओळ आली तेव्हा मी अडखळले. म्हटलं, तेवढी गाळून एकविसाव्यावर जावं, कशाला उगाच.

'थांबलीस का? वाच,' ते म्हणाले.

मी वाचलं, 'विसावा हिवाळा. नोंद नाही.'

'बरोबर आहे,' ते म्हणाले. आणि मग अगदी हळू म्हणाले, 'आता पुढचे तुझे वाच.'

मला वाचता येईना, बाळ. अक्षरं माझ्याही डोळ्यांपुढे पुसट झाली. शेवटी ते दोन हिवाळे त्यांनीच मला तोंडपाठ म्हणून दाखवले, एकही आकडा न चुकता, आणि मी पुस्तकात बोट ठेवून ताडून बघत गेले.

तुझी मामी